टार्गेट खरंच अव्हेलेबल आहे का? डेटाबेस प्रॉक्सीची टर्मिनलवरून विचारपूस

समजा, नागपूरच्या कळमना मार्केटमधले संत्र्याचे भाव दाखवणारं एक अ‍ॅप आहे. आंबिया बहाराची आवक वाढली की सकाळी एकाच वेळी शेकडो मोबाइल त्यावर तुटून पडतात. एके दिवशी अ‍ॅप नुसतंच फिरत राहतं आणि शेवटी ‘कनेक्शन टाइमआउट’ म्हणून थांबतं. एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं) कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधलं नियंत्रणाचं पान, उघडलं तर डेटाबेस हिरवा, आणि अ‍ॅप नि डेटाबेसच्या मधे बसणारी प्रॉक्सीही हिरवी. मग अडलंय कुठे?

अशा वेळी बहुतेक जण आधी डेटाबेस रीस्टार्ट करतात. तिथेच घोळ होतो, कारण प्रॉक्सीची तब्येत आणि प्रॉक्सीमागच्या टार्गेटची, म्हणजे डेटाबेसची, तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कन्सोलच्या यादीत दिसणारा ‘अव्हेलेबल’ हा प्रॉक्सीचा असतो. तिला तिच्या डेटाबेसपर्यंत पोचता येतंय की नाही, हे तिलाच विचारावं लागतं. त्यासाठी एक कमांड आहे. हा लेख त्या एका कमांडबद्दल आणि तिच्या उत्तराची ओळ न् ओळ कशी वाचायची याबद्दल आहे. उदाहरणं आरडीएस, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या डेटाबेस चालवून देणाऱ्या सेवेच्या, प्रॉक्सीची घेतली आहेत. आरडीएस प्रॉक्सी जून २०२० मध्ये सर्वांसाठी खुली झाली.

प्रॉक्सीचं काम अडत्यासारखं समजा. पुढच्या बाजूला अ‍ॅपच्या हजार जोडण्या येऊन उभ्या राहतात आणि मागे डेटाबेसशी मोजक्या शंभर जोडण्या उघड्या असतात. ज्याचं काम आलं त्याला प्रॉक्सी तेवढ्यापुरती त्यातली एक जोडणी देते, काम झालं की परत घेते. त्यामुळे वाटेचे दोन तुकडे पडतात: अ‍ॅपपासून प्रॉक्सीपर्यंतचा आणि प्रॉक्सीपासून डेटाबेसपर्यंतचा. टार्गेटची कमांड फक्त दुसऱ्या तुकड्याबद्दल बोलते. शोध घेताना हे विसरलं की अर्धा दिवस वाया जातो.

आधी लिहिण्याची रीत

इथे सगळ्या कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. कमांड आणि फ्लॅग संपूर्णपणे लहान अक्षरांत असतात, मधली जोडरेघ आणि फ्लॅगआधीच्या दोन रेघा तशाच ठेवायच्या. उत्तरातल्या रकान्यांची नावं मात्र लहान-मोठ्या अक्षरांच्या बाबतीत काटेकोर असतात. तो मुद्दा पुढे सविस्तर येईल, कारण तिथे फार जण चुकतात. प्रॉक्सीचं नाव उदाहरणापुरतं ‘संत्रा-प्रॉक्सी’ धरलं आहे.

तयारी

पहिल्यांदा सीएलआयची, म्हणजे टर्मिनलमधून एडब्ल्यूएसला कमांड देणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती बघा. दुसरी आवृत्ती हवी.

```
एडब्ल्यूएस --व्हर्जन
एडब्ल्यूएस एसटीएस गेट-कॉलर-आयडेंटिटी
एडब्ल्यूएस कॉन्फिगर लिस्ट
```

दुसरी कमांड तुम्ही कोणत्या खात्यात, कोणत्या ओळखीने उभे आहात ते सांगते. टेस्ट आणि प्रॉडक्शन अशी दोन खाती असतील तर ही ओळ चुकवू नका. तिसऱ्या कमांडच्या उत्तरात रीजन, म्हणजे सर्व्हर जिथे आहेत तो भौगोलिक विभाग, दिसतो. नागपुरातल्या बहुतेक टीमचा डेटाबेस मुंबई रीजनमध्ये, म्हणजे ‘एपी-साउथ-१’ मध्ये असतो. नोव्हेंबर २०२२ पासून हैदराबादचा ‘एपी-साउथ-२’ हाही पर्याय आहे. नागपूरहून हैदराबाद जवळ म्हणून कोणी एखादी गोष्ट तिकडे उभी केली असेल आणि तुमचा लॅपटॉप मुंबईला विचारत असेल, तर उत्तर ‘डीबीप्रॉक्सीनॉटफाउंडफॉल्ट’ असं येईल. हा एरर आला की नाव चुकलं असं समजून स्पेलिंग तपासत बसू नका, आधी रीजन तपासा. प्रत्येक कमांडला शेवटी ‘--रीजन एपी-साउथ-१’ जोडण्याची सवय सर्वात चांगली.

परवानग्या तीन लागतात: आरडीएस सेवेतल्या डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सीज, डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट-ग्रुप्स आणि डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स. तिन्ही फक्त वाचण्याच्या आहेत, त्यामुळे त्या सपोर्टवाल्या मुलामुलींनाही द्यायला हरकत नाही. रात्री दोन वाजता फोन त्यांनाच जातो. त्यांच्या हातात निदान बघण्याची सोय असलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट नव्याने काम करणाऱ्यांना गोंधळात टाकते. प्रॉक्सीचा एंडपॉइंट (जोडायचा पत्ता) व्हीपीसीच्या, म्हणजे एडब्ल्यूएसमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कच्या, आतच असतो, तो इंटरनेटवर उघडा करता येत नाही. म्हणजे मिहानमधल्या ऑफिसातून किंवा धरमपेठेतल्या घरातून मायएसक्यूएल क्लायंटने थेट प्रॉक्सीला जोडायला गेलात तर जोडणी होणारच नाही. डिस्क्राइबच्या कमांड मात्र घरच्या वायफायवरूनही चालतात, कारण त्या प्रॉक्सीकडे जातच नाहीत. त्या ४४३ पोर्टवरून आरडीएसच्या एपीआयला विचारतात. म्हणून “कमांड चालली म्हणजे नेटवर्क ठीक आहे” असा निष्कर्ष काढू नका. लॅपटॉपवर सीएलआय नसेल तर कन्सोलमधलं क्लाउडशेल उघडा, तिथे ते आधीच बसवलेलं असतं.

मुख्य प्रश्न

प्रॉक्सीचं नेमकं नाव माहीत नसेल तर आधी यादी घ्या:

```
एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सीज --क्वेरी "डीबीप्रॉक्सीज[].[डीबीप्रॉक्सीनेम,स्टेटस,इंजिनफॅमिली]" --आउटपुट टेबल
```

मग मुख्य कमांड:

```
एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी
```

‘--टार्गेट-ग्रुप-नेम’ हा फ्लॅग ऐच्छिक आहे. प्रॉक्सीचा टार्गेट ग्रुप एकच असतो आणि त्याचं नाव ‘डिफॉल्ट’, त्यामुळे तो दिला काय नि न दिला काय, फरक पडत नाही. ‘--फिल्टर्स’ नावाचा फ्लॅग मदतीच्या पानावर दिसतो, पण या कमांडसाठी तो वापरात नाही. गाळायचं काम ‘--क्वेरी’ने करायचं.

उत्तर जेसनमध्ये, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या मजकुरात, येतं. मागे ऑरोरा क्लस्टर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ऑरोरा डेटाबेसच्या इन्स्टन्सचा (एकेका डेटाबेस सर्व्हरचा) गट, असेल तर एका टार्गेटची नोंद साधारण अशी दिसते:

```
एंडपॉइंट: (इन्स्टन्सचा पूर्ण पत्ता)
ट्रॅक्डक्लस्टरआयडी: संत्रा-क्लस्टर
आरडीएसरिसोर्सआयडी: संत्रा-डीबी-१
पोर्ट: ३३०६
टाइप: आरडीएस_इन्स्टन्स
रोल: रीड_राइट
टार्गेटहेल्थ:
   स्टेट: अनअव्हेलेबल
   रीझन: पेंडिंग_प्रॉक्सी_कपॅसिटी
   डिस्क्रिप्शन: (एका वाक्यात खुलासा)
```

यातलं ‘आरडीएसरिसोर्सआयडी’ म्हणजे इन्स्टन्सचं तुम्ही दिलेलं नाव. ‘पोर्ट’ डेटाबेसचा: मायएसक्यूएल आणि मारियाडीबीला ३३०६, पोस्टग्रेसला ५४३२, एसक्यूएल सर्व्हरला १४३३. ‘रोल’ सांगतो की या इन्स्टन्सवर लिहिता येतं की फक्त वाचता येतं. आणि सगळा जीव आहे तो ‘टार्गेटहेल्थ’मध्ये. तिथला ‘स्टेट’ एकटा कधी वाचू नका, त्याच्या शेजारचा ‘रीझन’ आणि ‘डिस्क्रिप्शन’ सोबत वाचा. स्टेट अव्हेलेबल असेल तर डिस्क्रिप्शन येत नाही. ते नाही म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

दुसऱ्या आवृत्तीचं सीएलआय लांब उत्तर पेजरमध्ये उघडतं आणि ‘क्यू’ दाबेपर्यंत टर्मिनल अडकल्यासारखं वाटतं. हाताने चालवताना ठीक, पण स्क्रिप्टमध्ये ‘--नो-सीएलआय-पेजर’ लावलाच पाहिजे.

हवं तेवढंच बघा

चार-पाच इन्स्टन्सच्या क्लस्टरचं पूर्ण जेसन वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा. चार रकाने पुरतात:

```
एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --क्वेरी "टार्गेट्स[].[आरडीएसरिसोर्सआयडी,रोल,टार्गेटहेल्थ.स्टेट,टार्गेटहेल्थ.रीझन]" --आउटपुट टेबल
```

आता अक्षरांचा मुद्दा. ‘आरडीएसरिसोर्सआयडी’ लिहिताना आरडीएसमधला फक्त ‘आर’ मोठा, ‘डी’ आणि ‘एस’ लहान. पुढे रिसोर्सचा ‘आर’ मोठा, आयडीचा ‘आय’ मोठा आणि ‘डी’ लहान. याउलट ‘डीबीप्रॉक्सीनेम’मध्ये ‘डी’ आणि ‘बी’ दोन्ही मोठे. एक अक्षर चुकलं तरी एरर येत नाही, त्या रकान्यात गुपचूप ‘नन’ येतं. सगळा रकाना ‘नन’ने भरला असेल तर डेटाबेसवर संशय घेण्याआधी आपलं टायपिंग बघा.

अवतरणचिन्हांसाठी एक नियम धरला की लिनक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीकडे निभावतं: क्वेरीच्या बाहेर दुहेरी, आतल्या मजकुराला एकेरी. काही जण आतल्या शब्दाभोवती उलटं एकेरी चिन्ह, म्हणजे बॅकटिक लावतात. बॅशमध्ये दुहेरी अवतरणात बॅकटिक आलं की शेल ते स्वतंत्र कमांड म्हणून चालवायला जातं आणि भलताच एरर दाखवतं.

फक्त आजारी टार्गेट हवे असतील तर पहिल्या फटक्यात सुचणारी क्वेरी अशी असते:

```
"टार्गेट्स[?टार्गेटहेल्थ.स्टेट!='अव्हेलेबल']"
```

ऑरोरावर ही फसवते. क्लस्टर जोडलेलं असेल तर यादीत इन्स्टन्सशिवाय आणखी एक नोंद असते, जिचा टाइप ‘ट्रॅक्ड_क्लस्टर’ असतो. ती नोंद म्हणजे “या क्लस्टरवर माझं लक्ष आहे” अशी प्रॉक्सीची खूणगाठ. तिला तब्येतीचा रकाना नसतो. जे नाहीच ते ‘अव्हेलेबल’च्या बरोबरीचं नसतं, म्हणून ती ओळ दरवेळी आजाऱ्यांच्या यादीत येते आणि पहाटे खोटा अलार्म वाजतो. टाइपही तपासा:

```
"टार्गेट्स[?टाइप=='आरडीएस_इन्स्टन्स' && टार्गेटहेल्थ.स्टेट!='अव्हेलेबल'].[आरडीएसरिसोर्सआयडी,टार्गेटहेल्थ.रीझन,टार्गेटहेल्थ.डिस्क्रिप्शन]"
```

कारण वाचून दुरुस्ती

नवीन टार्गेट जोडल्यावर स्टेट आधी ‘रजिस्टरिंग’, मग काही काळ ‘अनअव्हेलेबल’ आणि मग ‘अव्हेलेबल’ असा सरकतो. मधला अनअव्हेलेबल बघून घाबरून टार्गेट काढून पुन्हा जोडू नका. तसं केलं की सगळा प्रवास पुन्हा पहिल्यापासून.

*ऑथ_फेल्युअर.* सर्वात जास्त भेटणारं कारण हेच. प्रॉक्सी डेटाबेसमध्ये शिरताना सिक्रेट्स मॅनेजर या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेतलं युजरनेम-पासवर्ड वापरते. तिथे तीन जागी गाडी अडते.

पहिली जागा म्हणजे सिक्रेट स्वतः. कोणीतरी डेटाबेसमध्ये हाताने पासवर्ड बदलतं आणि सिक्रेटमध्ये जुनाच राहतो. हे ओळखायला पासवर्ड स्क्रीनवर काढायची गरज नाही:

```
एडब्ल्यूएस सिक्रेट्समॅनेजर डिस्क्राइब-सिक्रेट --सिक्रेट-आयडी संत्रा-सिक्रेट --क्वेरी लास्टचेंज्डडेट
```

पासवर्ड बदलल्याची तारीख आणि ही तारीख जुळत नसेल तर उत्तर सापडलं. ‘गेट-सिक्रेट-व्हॅल्यू’ चालवलं तर पासवर्ड उघडा छापला जातो. मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर असताना ते कधीही चालवू नका. सिक्रेट जेसनमध्येच हवं आणि त्यातल्या चाव्या ‘युजरनेम’ आणि ‘पासवर्ड’ याच, लहान अक्षरांत. ‘युजर’ किंवा ‘पास’ लिहून चालत नाही. फाइलमधून सिक्रेट भरताना पासवर्डच्या शेवटी रिकामी ओळ किंवा स्पेस चिकटून गेली असेल तरी हाच एरर येतो, आणि ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे शोधायला सर्वात त्रासदायक.

दुसरी जागा म्हणजे प्रॉक्सीचा आयएएम रोल, म्हणजे तिला दिलेला परवानग्यांचा संच. त्याला त्या सिक्रेटवर ‘गेटसिक्रेटव्हॅल्यू’ची परवानगी हवी, आणि सिक्रेट स्वतःच्या केएमएस (एन्क्रिप्शनच्या चाव्या सांभाळणारी सेवा) चावीने बंद केलं असेल तर त्या चावीवर ‘डिक्रिप्ट’चीही. दुसरी परवानगी फार वेळा राहून जाते. रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत आरडीएस सेवेचं नाव आहे का तेही बघा.

तिसरी जागा डेटाबेसच्या आत आहे. मायएसक्यूएलमध्ये युजर बनवताना त्याला एखाद्या आयपीपुरतं बांधता येतं. जुन्या काळी अ‍ॅप थेट डेटाबेसला जोडत असताना कोणी काळजीपूर्वक अ‍ॅप सर्व्हरच्या आयपीपुरतीच परवानगी दिली असेल, तर आता तोच युजर अडतो, कारण डेटाबेसला समोर प्रॉक्सीचा आयपी दिसतो. प्रॉक्सीच्या सबनेटची, म्हणजे व्हीपीसीतल्या तिच्या तुकड्याची, आयपी रेंज त्या युजरला द्यावी लागते.

*अनरीचेबल.* प्रॉक्सीला डेटाबेसपर्यंत रस्ताच नाही. इथे जवळजवळ नेहमी सिक्युरिटी ग्रुप (कोणी कोणत्या पोर्टवरून ये-जा करायची ते ठरवणारे नियम) दोषी असतो, आणि तो दोन्ही टोकांना तपासायचा असतो. डेटाबेसच्या ग्रुपमध्ये प्रॉक्सीच्या ग्रुपकडून ३३०६ ला किंवा ५४३२ ला येण्याची मुभा हवी. तेवढीच प्रॉक्सीच्या ग्रुपमधून त्या पोर्टला बाहेर जाण्याचीही हवी. येण्याचा नियम सगळे लिहितात, जाण्याचा विसरतात. कन्सोलमधून ग्रुप बनवला तर बाहेर जायला सगळं मोकळं असतं, म्हणून तिथे हे जाणवत नाही. टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाउड उभारण्याचं साधन) बनवलेल्या ग्रुपमधून मात्र तो मोकळा नियम काढून टाकला जातो. तुम्ही स्वतः लिहिला नसेल तर प्रॉक्सीच्या तोंडाला कुलूप लागलेलं असतं.

```
एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सीज --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --क्वेरी "डीबीप्रॉक्सीज[०].[व्हीपीसीसिक्युरिटीग्रुपआयडीज,व्हीपीसीसबनेटआयडीज]"
एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-सिक्युरिटी-ग्रुप्स --ग्रुप-आयडीज (वरून मिळालेला आयडी) --क्वेरी "सिक्युरिटीग्रुप्स[०].आयपीपर्मिशन्सइग्रेस"
```

दुसऱ्या कमांडचं उत्तर रिकामा चौकटी कंस आलं, म्हणजे बाहेर जायला वाट नाही.

*कनेक्शन_फेल्ड.* रस्ता आहे, पण जोडणी टिकली नाही. डेटाबेस रीस्टार्ट होतोय का, त्याच्या जोडण्यांची मर्यादा भरली आहे का, ते बघा. त्याच व्हीपीसीतल्या एखाद्या ईसी२ मशीनवरून, सिक्रेटमधल्याच युजरने थेट इन्स्टन्सला जोडून पाहिलं की दोन मिनिटांत स्पष्ट होतं.

*पेंडिंग_प्रॉक्सी_कपॅसिटी.* प्रॉक्सी स्वतःची ताकद वाढवतेय, थांबा. प्रॉक्सी नवी असताना किंवा डेटाबेसचा इन्स्टन्स मोठा केल्यावर हे दिसतं आणि आपोआप जातं. पण हे कारण तासभर हलत नसेल, विशेषतः डिस्क्रिप्शनमध्ये ‘इंटर्नल एरर’ असा उल्लेख असेल, तर वाट बघत बसू नका. वरचे सिक्युरिटी ग्रुप आणि सिक्रेट तपासा, बऱ्याचदा मूळ तिथेच निघतं. सबनेटमधले मोकळे आयपीही मोजा:

```
एडब्ल्यूएस ईसी२ डिस्क्राइब-सबनेट्स --सबनेट-आयडीज (प्रॉक्सीचे सबनेट) --क्वेरी "सबनेट्स[].[सबनेटआयडी,अव्हेलेबलआयपीअ‍ॅड्रेसकाउंट]" --आउटपुट टेबल
```

मागचा इन्स्टन्स एक्सलार्ज किंवा त्याहून लहान असेल तर किमान १० मोकळे आयपी ठेवावेत अशी एडब्ल्यूएसची शिफारस आहे. टूएक्सलार्जला १५, फोरएक्सलार्जला २५. त्याच सबनेटमध्ये लॅम्बडा किंवा कंटेनर दाटीवाटीने बसवले असतील तर हा आकडा बघता बघता खाली येतो.

आणि यादीच रिकामी आली तर? म्हणजे प्रॉक्सी आहे, पण तिच्यामागे कोणी जोडलेलंच नाही. स्क्रिप्टने किंवा टेराफॉर्मने प्रॉक्सी बनवताना टार्गेट जोडण्याची पायरी वेगळी असते, ती राहून जाते. इन्स्टन्स असेल तर असं जोडा:

```
एडब्ल्यूएस आरडीएस रजिस्टर-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --डीबी-इन्स्टन्स-आयडेंटिफायर्स संत्रा-डीबी-१
```

क्लस्टरसाठी शेवटचा फ्लॅग ‘--डीबी-क्लस्टर-आयडेंटिफायर्स’ होतो. ऑरोरातला एकटा इन्स्टन्स जोडायला जाऊ नका, क्लस्टरच जोडायचं. त्यातले इन्स्टन्स प्रॉक्सी स्वतः शोधते.

सगळं अव्हेलेबल, तरी अ‍ॅप अडकलेलं

कळमन्याच्या अ‍ॅपची गत इथे येते. टार्गेट ठणठणीत आहे, म्हणजे वाटेचा दुसरा तुकडा ठीक आहे. उरलं काय? एक तर पहिला तुकडा: अ‍ॅपच्या सर्व्हरकडून प्रॉक्सीच्या सिक्युरिटी ग्रुपमध्ये यायला मुभा आहे का. नाहीतर प्रॉक्सीची रांग. रांगेचे नियम टार्गेट ग्रुपमध्ये लिहिलेले असतात:

```
एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट-ग्रुप्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --क्वेरी "टार्गेटग्रुप्स[०].कनेक्शनपूलकॉन्फिग"
```

‘मॅक्सकनेक्शन्सपर्सेंट’ म्हणजे डेटाबेसच्या एकूण जोडण्यांपैकी किती टक्के ही प्रॉक्सी वापरू शकते. डेटाबेसची मर्यादा २०० आणि इथे ५० असेल तर मागे जास्तीत जास्त १०० जोडण्या. एकाच डेटाबेसवर दोन प्रॉक्सी असतील आणि दोघींना १०० टक्के दिले असतील तर गर्दीत दोघी एकमेकींच्या वाटणीवर हात मारतात. बेरीज शंभरच्या आत ठेवा, आणि बॅकअप किंवा अ‍ॅडमिनच्या थेट जोडण्यांसाठी थोडी जागा सोडा.

‘कनेक्शनबॉरोटाइमआउट’ मुळात १२० सेकंद असतो. मागची एकही जोडणी मोकळी नसेल तर प्रॉक्सी नवीन विनंतीला दोन मिनिटं ताटकळत ठेवते. अ‍ॅपचा स्वतःचा टाइमआउट ३० सेकंदांचा असेल तर अ‍ॅप आधीच कंटाळून तोडतं, आणि लॉगमध्ये ते नेटवर्कच्या बिघाडासारखं दिसतं. प्रत्यक्षात नेटवर्कचा काही संबंध नसतो, जोडण्या संपलेल्या असतात. मी हा आकडा अ‍ॅपच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवण्याच्या मताचा आहे, म्हणजे एरर प्रॉक्सीकडून येतो आणि खरं कारण सांगतो:

```
एडब्ल्यूएस आरडीएस मॉडिफाय-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट-ग्रुप --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --टार्गेट-ग्रुप-नेम डिफॉल्ट --कनेक्शन-पूल-कॉन्फिग कनेक्शनबॉरोटाइमआउट=२०
```

जोडण्या संपण्यामागे दर वेळी गर्दीच असते असं नाही. अ‍ॅपने सेशनमध्ये काही खास बदल केला, तात्पुरतं टेबल बनवलं किंवा १६ केबीपेक्षा लांब एसक्यूएल पाठवलं, की प्रॉक्सी ती जोडणी त्या ग्राहकालाच बांधून ठेवते. याला पिनिंग म्हणतात. बांधलेली जोडणी दुसऱ्या कोणाला देता येत नाही, मग प्रॉक्सी असून नसल्यासारखी. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेतलं ‘डेटाबेसकनेक्शन्सकरंटलीसेशनपिन्ड’ हे माप ‘डेटाबेसकनेक्शन्स’च्या जवळ जात असेल तर पूल, म्हणजे मागच्या जोडण्यांचा साठा, वाढवून उपयोग नाही, अ‍ॅपचा कोड बघावा लागेल. पिनिंग का झालं ते प्रॉक्सीच्या लॉगमध्ये लिहून येतं:

```
एडब्ल्यूएस लॉग्ज टेल /एडब्ल्यूएस/आरडीएस/प्रॉक्सी/संत्रा-प्रॉक्सी --फॉलो
```

लॉग तोकडा वाटला तर प्रॉक्सीचं डीबग लॉगिंग चालू करा. ते २४ तासांनी आपोआप बंद होतं, त्यामुळे “काल चालू केलं होतं, आज काही दिसत नाही” यात नवल नाही. डीबग लॉगमध्ये एसक्यूएलचा मजकूरही येतो, म्हणून ग्राहकांची माहिती असलेल्या डेटाबेसवर तो गरजेपुरताच चालवा.

वाचनासाठी वेगळा रीड-ओन्ली एंडपॉइंट वापरत असाल तर आणखी एक तपासणी. टार्गेटच्या यादीत ‘रीड_ओन्ली’ रोलचा निदान एक इन्स्टन्स अव्हेलेबल असायला हवा. खर्च वाचवायला कोणी रात्री एकुलता एक रीडर काढून टाकला, की लिहिणारी बाजू व्यवस्थित चालते आणि वाचणाऱ्या एंडपॉइंटवरच्या विनंत्या मात्र फेल होतात.

फेलओव्हर होताना बघणं

क्लस्टरचा फेलओव्हर, म्हणजे लिहिणाऱ्या इन्स्टन्सची जागा दुसऱ्याने घेणं, सराव म्हणून घडवून बघायचा असेल तर एका खिडकीत ही फेरी चालू ठेवा:

```
व्हाइल ट्रू; डू डेट; एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --नो-सीएलआय-पेजर --क्वेरी "टार्गेट्स[?टाइप=='आरडीएस_इन्स्टन्स'].[आरडीएसरिसोर्सआयडी,रोल,टार्गेटहेल्थ.स्टेट]" --आउटपुट टेक्स्ट; स्लीप १५; डन
```

दुसऱ्या खिडकीतून फेलओव्हर सुरू केला की दोन इन्स्टन्सचे रोल अदलाबदल होताना दिसतात. १५ सेकंदांपेक्षा कमी अंतर ठेवायचा मोह टाळा. खात्यातले सगळे जण त्याच एपीआयला विचारत असतात, आणि ‘थ्रॉटलिंग’चा एरर नेमका गरजेच्या वेळी येतो.

स्क्रिप्टमध्ये बसवताना

सीएलआयचा एक्झिट कोड (कमांड संपताना परत येणारा आकडा) टार्गेटच्या तब्येतीबद्दल काहीही सांगत नाही. सगळे टार्गेट मेलेले असले तरी प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून कोड ० येतो. शून्याव्यतिरिक्त आला तर त्याचा अर्थ वेगळा: २५२ म्हणजे कमांड चुकीची लिहिली, २५३ म्हणजे क्रेडेन्शियल किंवा कॉन्फिगरेशन नाही, २५४ म्हणजे सेवेनेच एरर दिला, जसं नाव सापडलं नाही किंवा परवानगी नाही. म्हणून आधी कोड तपासा, मग आकडा मोजा:

```
चांगले=$(एडब्ल्यूएस आरडीएस डिस्क्राइब-डीबी-प्रॉक्सी-टार्गेट्स --डीबी-प्रॉक्सी-नेम संत्रा-प्रॉक्सी --रीजन एपी-साउथ-१ --नो-सीएलआय-पेजर --क्वेरी "लेंग्थ(टार्गेट्स[?टार्गेटहेल्थ.स्टेट=='अव्हेलेबल' && रोल=='रीड_राइट'])" --आउटपुट टेक्स्ट)
```

मुद्दाम चांगले मोजले आहेत, आजारी नाहीत. आजारी मोजले तर टार्गेटची यादी रिकामी असतानाही उत्तर ० येतं आणि स्क्रिप्ट “सगळं ठीक” म्हणते, जेव्हा खरं तर मागे डेटाबेसच जोडलेला नसतो. लिहिता येणारा निदान एक चांगला टार्गेट नसेल तर अलार्म, एवढाच नियम ठेवा. टेक्स्ट आउटपुटमध्ये क्वेरी उत्तराच्या प्रत्येक पानावर वेगळी चालते, म्हणून मोठ्या याद्यांवर मोजणी फसू शकते. इथे ती भीती नाही: एका पानावर १०० नोंदी मावतात आणि ऑरोरा क्लस्टरमध्ये लिहिणारा एक आणि वाचणारे १५ याच्यापुढे इन्स्टन्स जात नाहीत.

ही तपासणी बाजार उघडण्याआधी, सकाळी साडेसहाला क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) चालवायची असेल तर सर्व्हरचं घड्याळ आधी बघा. क्लाउडवरची मशीन बहुधा यूटीसीवर असतात. तिथे नागपूरचे ६:३० म्हणजे रात्रीचा १:००, म्हणून क्रॉनच्या ओळीत मिनिटांच्या जागी ० आणि तासांच्या जागी १ लिहायचा.